विमानतळावरील लाउंज-प्रवेश: नाशिककर प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, सिन्नर, निफाड आणि मालेगाव परिसरातून मुंबई किंवा दिल्लीमार्गे परदेशी जाणाऱ्या प्रवाशांकडून लाउंजविषयी जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. भर मुख्यतः बिझनेस व फर्स्ट क्लासच्या तिकिटावर आणि फ्रीक्वेंट फ्लायर दर्जावर (वारंवार प्रवास करणाऱ्या सदस्याला विमान कंपनी देते त्या सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणीवर) आहे. बँकेच्या कार्डांचा विषय प्रश्न १४ मध्ये थोडक्यात घेतला आहे. विमान कंपन्या आपले नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून येथील माहितीवरून आपला हक्क समजून घ्यावा आणि प्रवासाच्या आठवड्यात संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची एकदा खातरजमा करावी.

१. लाउंज म्हणजे नेमके काय, आणि त्याचा एवढा उपयोग काय?

विमानतळावर ठरावीक प्रवाशांसाठी राखून ठेवलेला प्रतीक्षाकक्ष म्हणजे लाउंज. तो बहुतेक वेळा सुरक्षा तपासणीनंतरच्या भागात असतो. तेथे निवांत बसायला जागा, गरम जेवण, चहा-कॉफी, वाय-फाय आणि चार्जिंगची सोय असते. आंतरराष्ट्रीय बाजूच्या मोठ्या लाउंजमध्ये अंघोळीचीही सोय मिळते. नाशिकहून मुंबई विमानतळ सुमारे १७० किलोमीटर आहे. एवढे अंतर गाडीने कापून, मध्यरात्रीनंतरच्या विमानाची वाट पाहत काही तास काढणाऱ्या माणसाला, विशेषतः वयस्कर प्रवाशाला, अंग टेकायला जागा मिळणे ही चैन नसून गरज असते.

२. प्रवेश कोणाला मिळतो?

प्रवेशाच्या वाटा तीन आहेत: तिकिटाचा वर्ग, फ्रीक्वेंट फ्लायर योजनेतील दर्जा आणि पैसे किंवा बँकेचे कार्ड. या तिन्ही वाटांचे नियम वेगळे आहेत, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींच्या मुळाशी एका वाटेचा नियम दुसरीला लावण्याची चूक असते. बिझनेस क्लासच्या प्रवाशाला पाहुणा नेता येत नाही आणि इकॉनॉमीतल्या गोल्ड सदस्याला नेता येतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पण पहिल्याचा हक्क तिकिटातून येतो आणि दुसऱ्याचा दर्जातून, हे लक्षात घेतले की त्यात विसंगती राहत नाही.

तिन्ही वाटांना एक गोष्ट समान आहे: हक्क तपासला जातो तो त्या दिवशी, त्या टर्मिनलवरून निघणाऱ्या पुढच्या विमानावरून. कालच्या प्रवासाचा किंवा परतीच्या तिकिटाचा त्याच्याशी संबंध नसतो.

३. ओझरहून (नाशिकच्या विमानतळावरून) विमान पकडतो आहे. तेथे माझ्या बिझनेस तिकिटाचा किंवा गोल्ड दर्जाचा उपयोग होईल का?

अनेक विमान कंपन्या मिळून आघाडी करतात आणि एकमेकींच्या सदस्यांचा दर्जा मानतात (प्रश्न ७ आणि ८ पाहावेत). आघाडीचा दर्जा आघाडीतल्या कंपनीच्याच विमानासाठी चालतो. ओझरहून उडणारी इंडिगो कोणत्याही जागतिक आघाडीची सदस्य नाही, त्यामुळे एअर इंडियाचा किंवा सिंगापूर एअरलाइन्सचा गोल्ड दर्जा तेथून निघताना कामी येत नाही. पुढे दिल्लीहून बिझनेस क्लासचे वेगळे तिकीट असेल, तर त्याचा हक्क दिल्लीतच सुरू होतो; त्यासाठी प्रश्न १६ पाहावा.

इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ हा बिझनेस वर्ग सुरू केला आणि नंतर तो इतर मार्गांवर नेला. आसन मोठे आहे म्हणजे लाउंजही आलेच, असे त्याबाबत गृहीत धरू नये. तिकीट घेताना दिसणाऱ्या सुविधांच्या यादीत लाउंजचा उल्लेख शोधावा.

४. बिझनेस क्लासचे तिकीट काढले आहे. लाउंज मिळणारच ना?

आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक वेळा मिळते, पण आता ‘बहुतेक’ या शब्दाला वजन आले आहे. एमिरेट्सने २०१९ मध्ये बिझनेस क्लासचा ‘स्पेशल’ नावाचा स्वस्त दर आणला आणि त्यातून लाउंज वगळले. कतार एअरवेजच्या ‘बिझनेस लाइट’ दरातही लाउंज मूळ किमतीत धरलेले नसते. आसन तेच, जेवण तेच. लाउंज, आसननिवड आणि तिकीट बदलण्याची मुभा मात्र कापलेली. तिकीट एजंटाकडून घेत असाल तर “बिझनेसचे सर्वांत स्वस्त द्या” एवढेच सांगून थांबू नये. दराचे नाव काय आणि त्यात लाउंज आहे का, हे विचारून घ्यावे. दोन दरांतला फरक काही हजारांचा असेल आणि विमान बदलताना चार-पाच तास थांबायचे असेल, तर वरचा दर घेणे आमच्या मते रास्त ठरते. थांबा तासाभराचा असेल, तर मात्र त्या पैशांचा उपयोग नाही.

अशा कापलेल्या दराच्या प्रवाशाकडे आघाडीचा वरचा दर्जा असेल, तर त्याला दर्जाच्या वाटेने प्रवेश मिळतो.

५. प्रीमियम इकॉनॉमीला लाउंज असते का?

सर्वसाधारणपणे नसते. रांगेत प्राधान्य आणि जास्त सामान मिळते. लाउंजसाठी दर्जा, कार्ड किंवा पैसे लागतात.

६. मी एअर इंडियाच्या महाराजा क्लबचा सदस्य आहे, तरी मला प्रवेश का नाकारला?

सदस्यत्व आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव नोंदवले की कोणीही सदस्य होतो. दर्जा मात्र प्रवास करून मिळवावा लागतो. महाराजा क्लब या एअर इंडियाच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजनेत रेड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम असे चार स्तर आहेत, आणि स्टार अलायन्समध्ये गोल्ड म्हणून मान्यता मिळते ती शेवटच्या दोहोंना. खात्यात पुष्कळ पॉइंट साठले म्हणून दर्जा वाढत नाही, कारण खर्च करता येणारे पॉइंट आणि दर्जा ठरवणारे पॉइंट यांची मोजणी वेगळी असते. क्रेडिट कार्डावरच्या खरेदीतून लाखभर पॉइंट जमवलेला माणूस रेडच राहू शकतो.

विस्ताराचे जुने सदस्यही याबाबत विचारतात. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिची खाती एअर इंडियाच्या योजनेत आली. विस्ताराचे जुने कार्ड दाखवून आता काही साध्य होत नाही. ॲपमध्ये दिसणारा आजचा दर्जाच ग्राह्य धरला जातो.

७. स्टार अलायन्स गोल्ड म्हणजे काय, आणि तो कोठे चालतो?

स्टार अलायन्स ही १९९७ मध्ये स्थापन झालेली विमान कंपन्यांची आघाडी आहे. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी तीत सामील झाली, आणि आजही आघाडीत असलेली ती एकमेव भारतीय कंपनी आहे. लुफ्तान्सा, स्विस, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश, थाई, इथिओपियन, युनायटेड आणि एअर कॅनडा या तिच्या इतर सदस्यांपैकी काही.

यांपैकी कोणत्याही कंपनीच्या योजनेत गोल्ड समकक्ष दर्जा असलेल्या प्रवाशाला, तो इकॉनॉमीत बसलेला असला तरी, आघाडीतल्या कंपनीच्या विमानाने निघताना गोल्डची खूण असलेल्या लाउंजमध्ये जाता येते आणि सोबत एक पाहुणा नेता येतो. विमान त्याच दिवशी, किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजेपर्यंत सुटणारे असावे लागते. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या भारतातल्या विमानांसाठी ही पहाटेची सवलत फार मोलाची आहे. मुख्य अपवाद अमेरिकेतला आहे. तो प्रश्न १३ मध्ये दिला आहे.

८. ब्रिटिश एअरवेज, कतार, एअर फ्रान्स, एमिरेट्स यांचे नियम हेच आहेत का?

नाहीत. ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज, कॅथे पॅसिफिक, मलेशिया एअरलाइन्स आणि श्रीलंकन या वनवर्ल्ड आघाडीत येतात. तेथे रुबी, सफायर आणि एमराल्ड असे तीन स्तर आहेत. रुबीला लाउंज नाही. सफायरला बिझनेस क्लासचे लाउंज. एमराल्डला त्याशिवाय फर्स्ट क्लासचे. दोघांनाही एक पाहुणा चालतो, आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पूर्वी सुटणारे असले तरी चालते.

एअर फ्रान्स, केएलएम, सौदिया आणि २०२३ पासून व्हर्जिन अटलांटिक या स्कायटीम आघाडीच्या कंपन्या. तेथे ‘एलिट प्लस’ हा स्तर लागतो आणि प्रवास आंतरराष्ट्रीय असावा लागतो. निव्वळ देशांतर्गत उड्डाणावर हा हक्क चालत नाही.

एमिरेट्स आणि एतिहाद कोणत्याही आघाडीत नाहीत. त्यांचा दर्जा त्यांच्याच प्रवासाला आणि त्यांनी स्वतंत्र करार केलेल्या ठिकाणी लागू होतो. दुबईला वारंवार जाणाऱ्या द्राक्ष आणि कांदा निर्यातदारांकडून हा प्रश्न हमखास येतो: एमिरेट्सचे गोल्ड कार्ड दाखवून एअर इंडियाच्या विमानाआधी लाउंजमध्ये जाता येत नाही, आणि एअर इंडियाचे गोल्ड दाखवून एमिरेट्सच्या लाउंजमध्येही जाता येत नाही.

९. माझे विमान मुंबईहून रात्री अडीचला आहे. नाशिकहून लवकर निघून सातलाच पोहोचलो, तर लाउंजमध्ये बसता येईल का?

हा आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न आहे, आणि उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी असते. येथे तीन वेगवेगळे अडसर एकामागोमाग येतात, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिला अडसर चेक-इनचा. आंतरराष्ट्रीय विमानांचे काउंटर साधारणपणे सुटण्याच्या तीन ते चार तास आधी उघडतात. लाउंज इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असते. मोठी बॅग हातात असताना तेथवर जाताच येत नाही. दुसरा अडसर लाउंजच्या वेळमर्यादेचा. आघाडीच्या नियमाने तुमचा हक्क असला, तरी अनेक लाउंज सुटण्याच्या वेळेआधी तीन तासांपेक्षा लवकर प्रवेश देत नाहीत. अडीचच्या विमानाला ही वेळ साडेअकराची होते. तिसरा अडसर गर्दीचा. मुंबईत मध्यरात्रीच्या आगेमागे युरोप, आखात आणि पूर्वेकडची विमाने लागोपाठ सुटतात, आणि जागा भरली की हक्कदार प्रवाशांनाही दाराशी थांबावे लागते.

म्हणून आमचा सल्ला असा की अशा विमानासाठी टर्मिनल २ वर दहा ते साडेदहाच्या सुमारास पोहोचेल असा बेत करावा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, आणि प्रवासाच्या वेळेचा अंदाज पूर्वीपेक्षा भरवशाचा झाला आहे. तरी भिवंडी आणि ठाण्याच्या वाहतुकीसाठी हाताशी वेळ ठेवावाच लागतो, पावसाळ्यात तर जास्तच. रात्रीचे जेवण वाटेत उरकावे. लाउंजच्या भरवशावर लहान मुले किंवा मधुमेही माणूस उपाशी ठेवू नये.

विमान बदलणाऱ्या प्रवाशाला ही तीन तासांची मर्यादा अनेक ठिकाणी लावत नाहीत. दोहा किंवा फ्रँकफर्टला सहा तास थांबायचे असेल, तर चिंता नसावी.

१०. घरीच ॲपवर चेक-इन केले. आता थेट लाउंजला जाऊ की काउंटरवर जावे लागेल?

मुंबईतून जाताना काउंटरवर जावे. बहुतेक परदेशी कंपन्यांचे मुंबईत स्वतःचे लाउंज नसते. विमानतळावरच्या एखाद्या लाउंजशी त्यांचा करार असतो, आणि पात्र प्रवाशाला काउंटरवरून निमंत्रणाची छोटी चिठ्ठी दिली जाते. तिच्यावर लाउंजचे नाव आणि विमान क्रमांक असतो. लाउंजच्या दारातली कर्मचारी प्रथम बोर्डिंग पासवरचा कोड स्कॅन करते. पडद्यावर आसन क्रमांक, वर्गाचे अक्षर आणि दर्जाची खूण दिसते. स्टार अलायन्स गोल्ड असल्यास पासवर तारकेची खूण व गोल्डचे अक्षर छापलेले असते, वनवर्ल्डच्या पासवर ‘सफायर’ किंवा ‘एमराल्ड’ असे लिहिलेले असते. ही खूण नसेल तर चूक काउंटरवरच दुरुस्त करून घ्यावी, कारण इमिग्रेशन ओलांडल्यावर मागे फिरणे अवघड असते.

खूण न उमटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे आरक्षणात दुसऱ्याच योजनेचा क्रमांक घातलेला असणे. मैल (प्रवासातून मिळणारे पॉइंट) सिंगापूर एअरलाइन्सच्या खात्यात जमा करायचे म्हणून तो क्रमांक दिला आणि गोल्ड दर्जा मात्र एअर इंडियात आहे, अशा वेळी ॲपमधले गोल्ड कार्ड दाराशी दाखवावे. ते ग्राह्य धरतात. लाउंजच्या दारात नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून त्या कार्डाचे चित्र फोनमध्ये आधीच जतन करून ठेवावे.

११. पत्नी आणि दोन मुले सोबत आहेत. सगळ्यांना नेता येईल का?

गोल्ड, सफायर, एमराल्ड आणि एलिट प्लस या दर्जांवर पाहुणा एकच. मूलही पाहुण्यांत धरले जाते. दोन वर्षांखालील बाळाला बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. त्यामुळे चौघांच्या कुटुंबात एकाचाच दर्जा असेल, तर दोघे आत आणि दोघे बाहेर अशी वेळ येते. पत्नीकडे लाउंज देणारे स्वतंत्र कार्ड असेल, तर एकीकडून एक आणि दुसरीकडून एक असे मूल वाटून घेण्याचा मार्ग काही वेळा निघतो, पण त्यासाठी दोन्ही वाटा एकाच लाउंजला लागू असाव्या लागतात.

तिकिटाच्या वर्गावरून प्रवेश असेल, तर नियम आणखी कडक आहे. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्डमध्ये फर्स्ट क्लासच्या प्रवाशाला एक पाहुणा चालतो. बिझनेस क्लासच्या प्रवाशाला चालत नाही. वडिलांना बिझनेसमध्ये बसवून स्वतः इकॉनॉमीत बसणारा मुलगा त्यांच्यासोबत लाउंजमध्ये जाऊ शकत नाही, जर त्याचा स्वतःचा काही हक्क नसेल.

पाहुणा कोणत्या विमानाने जात आहे, यालाही महत्त्व आहे. वनवर्ल्डमध्ये पाहुणा आघाडीच्या दुसऱ्या विमानाने जात असला तरी चालतो. स्टार अलायन्समध्ये तो तुमच्याच विमानाचा असावा, असे धरून बेत करावा. पोहोचवायला आलेल्या नातेवाइकांना तर टर्मिनलच्या दारातूनही आत सोडत नाहीत, म्हणून त्यांचा प्रश्नच येत नाही.

१२. एकाच विमानतळावर चार लाउंज दिसतात. माझे कोणते?

दर्जा आणि तिकीट यांतून वेगवेगळी दारे उघडतात, आणि कधी कधी ती अपेक्षेच्या उलट असतात. फ्रँकफर्टला लुफ्तान्साचे ‘बिझनेस लाउंज’ आणि ‘सेनेटर लाउंज’ अशी दोन प्रकारची लाउंज आहेत. बिझनेसचे तिकीट असलेला, पण दर्जा नसलेला प्रवासी पहिल्यात जातो. इकॉनॉमीतला स्टार अलायन्स गोल्ड सदस्य मात्र सेनेटरमध्ये जातो, जे अधिक चांगले मानले जाते. म्हणून बिझनेसचे तिकीट असतानाही गोल्ड कार्ड खिशातच ठेवू नये, दाखवावे.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर याच्या उलट आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या बिझनेस प्रवाशांसाठी ‘सिल्व्हरक्रिस’ लाउंज, तर इकॉनॉमीतल्या गोल्ड सदस्यांसाठी ‘क्रिसफ्लायर गोल्ड’ हे साधे लाउंज. दोहालाही ‘अल मुर्जान’ हे प्रसिद्ध लाउंज बिझनेसच्या तिकिटावर मिळते. इकॉनॉमीने प्रवास करणाऱ्या सफायर आणि एमराल्ड सदस्यांसाठी तेथे स्वतंत्र लाउंज आहेत. अल मुर्जानची छायाचित्रे पाहून गेलेल्या सफायर सदस्यांची तेथे हमखास निराशा होते, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

१३. मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याकडे युनायटेडचा गोल्ड दर्जा आहे. माझ्याकडे एअर इंडियाचा. न्यूअर्कहून शिकागोला दोघे एकत्र जाणार आहोत. लाउंज कोणाला मिळेल?

तुम्हाला मिळेल, आणि तुमचा पाहुणा म्हणून त्याला. केवळ अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासात युनायटेड आपल्याच योजनेतल्या गोल्ड सदस्यांना दर्जावर लाउंज देत नाही, कारण तेथे लाउंजचे वार्षिक सदस्यत्व वेगळे विकले जाते. इतर कंपन्यांच्या योजनांतून स्टार अलायन्स गोल्ड झालेल्यांना मात्र ही बंदी नाही. अमेरिकन एअरलाइन्सचेही असेच आहे: तिच्या स्वतःच्या सदस्यांना निव्वळ अंतर्गत प्रवासात दर्जावर प्रवेश नाही, पण ब्रिटिश एअरवेज किंवा कतारच्या सफायर सदस्याला आहे. मुलांकडे दरवर्षी जाणाऱ्या आणि तेथे एक-दोन अंतर्गत प्रवास करणाऱ्या पालकांनी आपला दर्जा अमेरिकन योजनेत न जमवण्याचे हे एक चांगले कारण आहे.

१४. माझ्या क्रेडिट कार्डावर लाउंज मोफत आहे असे लिहिले आहे. मग दर्जाची गरज काय?

कार्डावरचा प्रवेश बँकेच्या अटींवर चालतो आणि त्या झपाट्याने बदलतात. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट घातली. इतर बँकांनीही अशा अटी आणल्या आहेत. कार्डे आणि लाउंज यांच्यातली मध्यस्थ कंपनी ड्रीमफोक्स हिने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजची सेवा थांबवली, त्यामुळे त्याआधी छापलेल्या लाउंजच्या याद्यांवर विसंबू नये. दाराशी कार्डावर २ किंवा २५ रुपयांसारखी नाममात्र रक्कम वळती होते, ती कार्ड चालू असल्याची खात्री करण्यासाठी असते.

गर्दीच्या वेळी कार्डधारकांना आधी थांबवले जाते आणि विमान कंपनीने पाठवलेल्या प्रवाशांना आत घेतले जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. दोन्ही हक्क असतील तर कंपनीची चिठ्ठी आधी दाखवावी.

१५. तिकिटावर कतारचा क्रमांक आहे, पण विमान इंडिगोचे निघाले. सफायर दर्जा चालेल का?

चालणार नाही. कतार आणि इंडिगो यांच्यात कोडशेअर आहे, म्हणजे इंडिगोच्या काही उड्डाणांवर कतारचा क्रमांक विकला जातो. वनवर्ल्डच्या नियमानुसार विमान क्रमांकही आघाडीतल्या कंपनीचा असावा लागतो आणि विमान चालवणारीही आघाडीतलीच कंपनी असावी लागते. तिकिटावर “द्वारा संचालित” अशा अर्थाची जी बारीक ओळ असते, ती खरेदीपूर्वी वाचावी.

एअर इंडिया एक्सप्रेसबाबतही हाच गोंधळ होतो. ती एअर इंडियाची उपकंपनी असली, तरी स्टार अलायन्सची सदस्य नाही. आखाताला जाणारे अनेक जण नावावरून फसतात. तिच्या विमानासाठी सिंगापूर किंवा लुफ्तान्साचा गोल्ड दर्जा दाखवून लाउंज मिळत नाही.

१६. ओझर ते दिल्ली इंडिगोने आणि पुढे दिल्लीहून बिझनेस क्लासने जाणार आहे. दोन्ही तिकिटे वेगळी आहेत. दिल्लीत लाउंज मिळेल का?

मिळेल, पण आधी बाहेर पडावे लागेल. पीएनआर (आरक्षण क्रमांक) वेगळे असल्याने सामान दिल्लीत ताब्यात घ्यावे लागते, आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी टर्मिनल ३ वर जावे लागते आणि पुन्हा चेक-इन, इमिग्रेशन व सुरक्षा तपासणी करावी लागते. इंडिगोचे विमान दिल्लीत दुसऱ्या टर्मिनलवर उतरले, तर टर्मिनल बदलण्याचा वेळही यात धरावा. ओझरहून दुपारी पोहोचून पहाटेचे विमान असेल, तर मधला सगळा काळ लाउंजमध्ये काढता येणार नाही. चेक-इन सुरू होण्याची अट प्रश्न ९ प्रमाणेच लागू होते. अशा वेळी विमानतळाजवळ काही तासांची खोली घेणे अधिक सुखाचे.

१७. मैल वापरून बिझनेसचे तिकीट घेतले, किंवा काउंटरवर अपग्रेड मिळाले, तर?

मैल देऊन घेतलेले बिझनेसचे तिकीट पैसे देऊन घेतलेल्यासारखेच मानले जाते आणि लाउंज मिळते. अपग्रेडमध्ये मात्र फरक पडतो. आधी नोंदवलेल्या अपग्रेडमध्ये बोर्डिंग पासवर बिझनेसचे अक्षर येते आणि सहसा अडचण येत नाही. ऐनवेळी स्वस्तात विकलेल्या अपग्रेडमध्ये काही कंपन्या केवळ आसन देतात. इकॉनॉमी भरली म्हणून कंपनीने स्वतःहून वर बसवले, तर लाउंज हा हक्क राहत नाही. काउंटरवर नम्रपणे विचारावे, अनेकदा चिठ्ठी देतात.

१८. पोहोचल्यावर, म्हणजे उतरल्यानंतर, लाउंज वापरता येते का?

आघाडीच्या दर्जावर नाही. काही कंपन्या लंडनसारख्या ठिकाणी उतरणाऱ्या प्रवाशांसाठी वेगळे लाउंज चालवतात, पण तेथील प्रवेश त्या कंपनीच्या स्वतःच्या नियमांवर ठरतो.

१९. आई-वडील व्हीलचेअरवर जाणार आहेत. मदतनीस त्यांना लाउंजमध्ये नेईल का?

सांगितले तर नेतो. न सांगितल्यास बहुधा थेट गेटवर नेऊन बसवतो. म्हणून काउंटरवरच चिठ्ठी मदतनीसाच्या हाती देऊन लाउंजला न्यायला सांगावे. त्यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. मदतनीस तेथे थांबत नाही. आत पोहोचताच लाउंजच्या काउंटरवर विमान क्रमांक आणि व्हीलचेअर हवी असल्याची नोंद करायला लावावी, आणि परत न्यायला कोण व कधी येणार हे विचारून घ्यावे. मुंबईसह अनेक विमानतळांवर आता विमानांच्या सर्वसाधारण घोषणा होत नाहीत, त्यामुळे “नाव पुकारतील तेव्हा उठू” हा जुना भरवसा उपयोगाचा नाही. आई-वडिलांच्या फोनमध्ये बोर्डिंगच्या वेळेच्या चाळीस मिनिटे आधीचा गजर लावून द्यावा आणि गेट क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत कागदावर लिहून द्यावा.

२०. उपवासाचे किंवा कांदा-लसूण नसलेले मिळते का?

फळे, दही, दूध, सुका मेवा बहुतेक लाउंजमध्ये असतात. साबुदाण्याची किंवा वरईची अपेक्षा ठेवू नये. एकादशी किंवा चतुर्थीला प्रवास असेल तर राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाण्याच्या वड्या सोबत घ्याव्यात. कोरडे खाणे सुरक्षा तपासणीतून जाते. लाउंजमधले अन्न बांधून बाहेर नेण्यास मनाई असते.

२१. हक्क असूनही दाराशी नकार मिळाला, तर काय करावे?

आधी नकाराचे कारण विचारावे: जागा नाही, चिठ्ठी नाही, की नियमात बसत नाही? जागा नसेल तर किती वेळाने यावे हे विचारावे आणि त्याच आघाडीचे दुसरे लाउंज आहे का ते पाहावे. नियमाचा वाद असेल तर आघाडीच्या संकेतस्थळावरचे लाउंजचे पान दाखवावे. त्यावर विमानतळानुसार कोणाला प्रवेश आहे हे दिलेले असते. तरीही नकार कायम राहिला, तर लाउंजचे नाव, वेळ आणि दिलेले कारण टिपून ठेवावे आणि ज्या कंपनीचा दर्जा आहे तिच्याकडे लेखी तक्रार करावी. नाइलाजाने पैसे भरून दुसऱ्या लाउंजमध्ये गेलात, तर पावती जपून ठेवावी. दारातल्या कर्मचाऱ्याशी वाद वाढवण्यात अर्थ नाही. त्याच्या पडद्यावर जे दिसते त्यापलीकडे त्याला अधिकार नसतो.

२२. बिझनेसचे तिकीट असताना कंपनीने ऐनवेळी इकॉनॉमीत बसवले. लाउंज तरी मिळते का?

नवा बोर्डिंग पास इकॉनॉमीचा असल्याने यंत्र प्रवेश नाकारते. म्हणून पास बदलून घेतानाच लाउंजची चिठ्ठी मागावी, आणि मूळ तिकिटाची प्रत हाताशी ठेवावी. चिठ्ठी देणे ही कंपनीची सवलत असते. भरपाई मात्र सवलत नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार, प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवल्यास देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत करावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला ७५ टक्के असे प्रमाण आहे. लाउंजची चिठ्ठी घेतल्याने या रकमेवरचा हक्क सुटत नाही, आणि तसे लिहून घेणाऱ्या कोणत्याही कागदावर सही करू नये.